कोण बरळलं आणि कुणी कसं छापलं: ऑलसाइड्स, ग्राउंड न्यूज आणि अ‍ॅड फॉन्टेस यांची परीक्षा

ऑलसाइड्स, ग्राउंड न्यूज आणि अ‍ॅड फॉन्टेस मीडिया या तिन्ही सेवांचा माल एकच आहे: बातमी कुठल्या बाजूला झुकली आहे याचा अंदाज. मोजायची पट्टीही एकच, अमेरिकी राजकारणातली डावी-उजवी. कर, निवडणूक, न्यायालय अशा विषयांवर ती बऱ्यापैकी चालते. इथे तिन्हींना जरा अवघड पेपर घातला आहे. एखादा नामांकित नट, विनोदवीर किंवा गायक काहीतरी आक्षेपार्ह बोलतो आणि पुढचे तीन-चार दिवस त्यावर बातम्यांचा पूर येतो. अशा बातमीत कल पक्षापेक्षा क्रियापदात जास्त असतो. 'म्हणाला', 'बरळला' की 'जीभ घसरली', यांतलं काय निवडलं यावरच निम्मा निवाडा होऊन गेलेला असतो.

निकाल आधी सांगून टाकतो. ग्राउंड न्यूजची फुकट आवृत्ती ठेवा, पण तिच्या रंगीत पट्टीवर विसंबू नका. ऑलसाइड्सवरची पक्षपाताच्या प्रकारांची यादी एकदा सावकाश वाचा. बाकीचं संकेतस्थळ रोज उघडायची गरज नाही. अ‍ॅड फॉन्टेसचा तक्ता या कामाला उशिरा पोचतो. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो जुनी वेबपानं जतन करणारं वेबॅक मशीन आणि दूरचित्रवाणीच्या बातम्या साठवणारं टीव्ही न्यूज आर्काइव्ह यांचा, आणि गंमत म्हणजे 'आम्ही कल दाखवतो' असं या दोघांनी कधी म्हटलेलंच नाही.

गुण येतात कुठून

ऑलसाइड्स २०१२ पासून चालू आहे. माध्यमांना पाच खणांत बसवते: डावं, डावीकडे झुकलेलं, मध्य, उजवीकडे झुकलेलं, उजवं. त्यासाठीची एक पद्धत खरोखर चांगली आहे. नाव आणि बोधचिन्ह झाकून वेगवेगळ्या विचारांच्या लोकांना मजकूर वाचायला देतात आणि मग कल विचारतात. त्याच्या जोडीला सर्व बाजूंच्या संपादकांचं मंडळ असतं. दोन गोष्टी मात्र लोक विसरतात. एक, ऑलसाइड्स फक्त संकेतस्थळावरचा लेखी मजकूर तपासते. दूरचित्रवाणीवर काय दाखवलं ते तिच्या कक्षेत येत नाही. दुसरी, 'मध्य' याचा अर्थ 'अचूक' असा नाही. अचूकता आपण मोजतच नाही, हे ती स्वतःच सांगते. एका बाबतीत तिला पैकीच्या पैकी गुण: काही मोठ्या दैनिकांच्या बातम्या आणि मतपानं ती वेगळी धरते. वॉल स्ट्रीट जर्नलची बातमी एका खणात, अग्रलेख दुसऱ्या. सेलिब्रिटीच्या वादात हा फरक फार कामाचा आहे, कारण दुसऱ्या दिवसापासून जे वाचायला मिळतं त्यातला मोठा भाग स्तंभच असतो, आणि मोबाइलवर स्तंभ आणि बातमी दिसायला सारखीच.

अ‍ॅड फॉन्टेस हे व्हेनेसा ओटेरो या पेटंट वकील बाईंनी २०१६ मध्ये काढलेल्या एका तक्त्यातून उभं राहिलं. आडव्या अक्षावर कल, उणे ४२ ते अधिक ४२. उभ्या अक्षावर विश्वासार्हता, ० ते ६४. एक डावा, एक मध्यममार्गी आणि एक उजवा असे तीन परीक्षक मिळून एकेक लेख वाचून गुण देतात. तिन्हींत पद्धत म्हणून हीच सगळ्यात काटेकोर. शीर्षक आणि चित्र यांना वेगळा विचार मिळतो, भाषेला मिळतो, आणि त्याच घटनेवरच्या इतर बातम्यांशी तुलनाही होते. पण तीन माणसांनी बसून वाचायचं म्हणजे वेळ लागणार. आज सकाळी कुणी काही बोललं, तर संध्याकाळपर्यंत त्या विशिष्ट बातमीला गुण मिळालेले असण्याची आशा धरू नका. तुमच्या हाती लागतो तो त्या माध्यमाचा जुना सरासरी ठिपका.

ग्राउंड न्यूज स्वतःचे गुण देतच नाही. ऑलसाइड्स, अ‍ॅड फॉन्टेस आणि मीडिया बायस फॅक्ट चेक (माध्यमांना गुण देणारं आणखी एक संकेतस्थळ) या तिघांची सरासरी काढून ती अतिडाव्यापासून अतिउजव्यापर्यंत सात खणांत मांडते. म्हणून ग्राउंड न्यूजवर पाहिलेला कल ऑलसाइड्सवर जाऊन 'पडताळणं' ही स्वतःची फसवणूक आहे. साक्षीदार तोच, टोपी फक्त बदललेली. शिवाय हे गुण माध्यमाला असतात, त्या बातमीला नाहीत. डाव्या माध्यमाने एखादी बातमी कोरडी ठणठणीत, एकही विशेषण न वापरता दिली तरी तिच्यावर डावेपणाचा शिक्का बसतोच.

आणखी एक भोक खास सेलिब्रिटीच्या बातम्यांसाठीच आहे. अशा बातम्या फोडतात ती बहुधा करमणुकीची माध्यमं: टीएमझी, व्हरायटी, पीपल वगैरे. कल ठरवायच्या सगळ्या पद्धती राजकीय मजकुरावर बेतलेल्या, त्यामुळे या मंडळींचे गुण एकतर तुटपुंजे, नाहीतर नसतातच. ग्राउंड न्यूजवर ती 'कल नोंदलेला नाही' अशा गटात जाऊन पडतात आणि टक्केवारीतून बाहेर राहतात. म्हणजे ज्यांनी बातमीला पहिला आकार दिला, तेच मोजणीत नाहीत.

पेपर म्हणून मे २०१८ ची जोडी

तपासायला याहून चांगली जोडी मिळणं कठीण. २९ मे २०१८ रोजी विनोदी अभिनेत्री रोझॅन बार हिने ओबामांच्या माजी सल्लागार व्हॅलरी जॅरेट यांच्याबद्दल वानराशी तुलना करणारं ट्वीट केलं. एबीसी वाहिनीने त्याच दिवशी तिची मालिका बंद केली. ती नव्याने सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी, ३० मे रोजी, टीबीएस वाहिनीवरच्या आपल्या कार्यक्रमात विनोदवीर समंथा बी हिने राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या कन्या इव्हांका ट्रम्प यांना उद्देशून एक अत्यंत अश्लील शब्द वापरला. ३१ मे रोजी तिने माफी मागितली, वाहिनीनेही चूक आपलीसुद्धा असल्याचं मान्य केलं, काही जाहिरातदार बाजूला झाले, पण कार्यक्रम चालू राहिला.

लागोपाठच्या दोन दिवसांतल्या या दोन घटनांनी जवळजवळ प्रत्येक माध्यमाला एकच प्रश्न टाकला: हे दोन गुन्हे एका मापाचे आहेत का? एका बाजूचं म्हणणं, एकीचं काम गेलं आणि दुसरीचं राहिलं, हा उघड दुटप्पीपणा. दुसरीचं म्हणणं, वंशद्वेष आणि शिवी या गोष्टी एका तराजूत घालायच्याच नसतात. दोन्हींकडे तथ्यं खरी होती. कल होता तो काय गाळलं त्यात.

समंथा बीच्या बातमीत दोन गोष्टी लागतात: तो शब्द, आणि तो कशाच्या संदर्भात आला ते. संदर्भ असा की सीमेवर स्थलांतरितांची मुलं आईबापांपासून वेगळी केली जात असताना इव्हांका यांनी आपल्या मुलाबरोबरचा फोटो टाकला होता, आणि त्यावर ती बोलत होती. संदर्भ गाळला की उरते निव्वळ शिवी. उलट शब्द 'एक अपशब्द' म्हणून झाकला आणि तीन परिच्छेद धोरणावर लिहिले, की ती धोरणावरची जहाल टीका वाटते आणि लोक एवढे का चिडले ते वाचकाला कळत नाही. रोझॅन बारच्या बातमीतही तसंच. तिने आधी 'वाईट विनोद' म्हणून माफी मागितली आणि नंतर झोपेच्या गोळीवर बोट ठेवलं. कुठल्या माध्यमाने यातलं काय शीर्षकात घेतलं? गोळी बनवणाऱ्या सॅनोफीने तर जाहीर उत्तर दिलं की वंशद्वेष हा आमच्या कुठल्याही औषधाचा ज्ञात दुष्परिणाम नाही. ते वाक्य इतकं चमकदार होतं की बऱ्याच ठिकाणी त्याच्यामागे मूळ ट्वीटच दिसेनासं झालं.

आता या पेपरवर सेवांना गुण द्यायचे तर: ऑलसाइड्सची डावी-मध्य-उजवी अशी शेजारी-शेजारी तीन शीर्षकं लावण्याची रीत इथे उपयोगी पडते, कारण गाळलेली गोष्ट एकट्या बातमीत कधीच दिसत नाही, दोन बातम्या शेजारी ठेवल्या की दिसते. पण ती तीन शीर्षकं माणसांनी निवडलेली असतात, आणि तीनच असतात. ग्राउंड न्यूज त्याच ठिकाणी पन्नास-साठ शीर्षकं देते. म्हणून ती जास्त कामाची.

रंगीत पट्टी कुठे चकवते

ग्राउंड न्यूजवर बातमी उघडली की वर एक पट्टी दिसते: इतके टक्के डावे, इतके मध्य, इतके उजवे. बहुतेक लोक तेवढंच पाहून मत बनवतात. ही पट्टी वाचण्यात तीन घोटाळे होतात.

सगळ्यात मोठा घोटाळा वृत्तसंस्थेच्या मजकुराचा. असोसिएटेड प्रेसची एकच बातमी अनेक स्थानिक दैनिकं आणि वाहिन्यांची संकेतस्थळं जशीच्या तशी लावतात. मोजणीत ती तितकीच स्वतंत्र माध्यमं धरली जातात. त्यामुळे 'मध्य' फुगतो आणि 'बहुतेक माध्यमांनी समतोल बातमी दिली' असा भास होतो; प्रत्यक्षात एका बातमीदाराने लिहिलेलं पन्नास ठिकाणी छापलेलं असतं. ओळखायचं कसं? शीर्षकांची यादी खाली ओढत जा. शब्दन् शब्द सारखी शीर्षकं दिसली की ती सगळी मिळून एक धरा. साठ शीर्षकांतून कधीकधी बारा-पंधराच स्वतंत्र निघतात. ही हातमोजणी पाच मिनिटांची आहे आणि तिच्याशिवाय त्या टक्क्यांना काही अर्थ नाही.

दुसरा घोटाळा गठ्ठे बांधण्याचा. कुठली बातमी कुठल्या घटनेची हे यंत्र ठरवतं. सेलिब्रिटीच्या वादाला टप्पे असतात: बोलणं, संताप, सारवासारव, माफी, प्रायोजक गेले, काम गेलं. यांचे वेगवेगळे गठ्ठे पडतात. एका बाजूच्या माध्यमांनी पहिला टप्पा वगळून थेट माफीवर बातमी केली असेल तर पहिल्या गठ्ठ्यात ती दिसत नाहीत, आणि 'ब्लाइंडस्पॉट' असा शिक्का बसतो. म्हणजे त्या बाजूने बातमी दाबली असं वाटतं. ब्लाइंडस्पॉटवर विश्वास ठेवण्याआधी त्या व्यक्तीचं नाव शोधून पुढच्या दोन दिवसांचे गठ्ठेही उघडा. उशिरा, आणि माफीपासून सुरुवात करून बातमी देणं हाही कलच आहे, पण तो 'दिलीच नाही' याहून वेगळ्या जातीचा.

तिसरा म्हणजे डावं-मध्य-उजवं अशा तिन्ही बाजूंचे मुद्दे यंत्राने काढून दिलेला सारांश. राजकीय बातमीत ठीक. आक्षेपार्ह वक्तव्याच्या बातमीत तो टाळाच. कारण सारांश करताना पहिला बळी जातो तो मूळ शब्दांचा, आणि इथे सगळा खटला त्या शब्दांवरच चालू असतो. शिवाय जिथे दोन बाजूच नाहीत तिथेही तो दोन बाजू पाडून देतो.

यंत्रात न सापडणारी गोष्ट

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये रॅपर कान्ये वेस्टची सूत्रसंचालक टकर कार्लसनने घेतलेली मुलाखत फॉक्स न्यूजवर दोन भागांत दाखवली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत व्हाइस या माध्यमाच्या मदरबोर्ड विभागाने त्या मुलाखतीतले न दाखवलेले तुकडे बाहेर काढले. त्यांत ज्यूंबद्दलची आक्षेपार्ह विधानं होती, जी प्रसारणात नव्हती. दरम्यान वेस्टने ट्विटरवर ज्यूंना उघड धमकीवजा लिहिलं, आणि २५ ऑक्टोबरला आदिदासने त्याच्याशी करार तोडला.

या प्रकरणावर तिन्ही सेवा सपशेल नापास. ज्या दिवशी मुलाखत दाखवली त्या दिवशी फॉक्सखेरीज कुठल्याही माध्यमाकडे पूर्ण चित्रफीत नव्हती. शंभर बातम्या शेजारी लावल्या तरी सगळ्यांत तीच कापलेली आवृत्ती. तुलना करून गाळलेलं सापडतं ते एकाने गाळलं आणि दुसऱ्याने छापलं तेव्हाच. उगमावरच कात्री चालली असेल तर तुलनेला काहीच सापडत नाही. म्हणून मुलाखतीवर आधारलेल्या कुठल्याही वादात पहिला प्रश्न हा: ध्वनिमुद्रित होती की थेट? किती वेळ बोलणं झालं, किती दाखवलं? हे बातमीत लिहिलेलं नसेल तर बातमी अर्धी आहे, मग तिचा खण कुठलाही असो.

असाच एक प्रकार २००६ चा. २८ जुलैला अभिनेता मेल गिब्सनला मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल मालिबूत अटक झाली. शेरीफ कार्यालयाकडून सुरुवातीला सांगण्यात आलं की अटक विनासायास झाली. टीएमझीने अधिकाऱ्याच्या मूळ अहवालाची पानं मिळवली तेव्हा गिब्सनची ज्यूविरोधी बडबड जगाला कळली. आधी ज्यांनी 'विनासायास' छापलं ती माध्यमं डावी होती की उजवी, याने काही फरक पडत नाही. त्यांनी सरकारी निवेदन उतरवून घेतलं होतं, बस. हा कल विचारसरणीचा नसून आयत्या मजकुराचा आहे, आणि त्याला कुठल्याच तक्त्यावर ठिपका नाही.

शीर्षक उलगडताना

इथे ऑलसाइड्सची यादी कामाला येते. शब्दनिवड, गाळणूक, छायाचित्राची निवड, मत हेच तथ्य म्हणून देणं, बातमीची जागा, असे प्रकार तिथे उदाहरणांसह दिले आहेत. त्यातला सेलिब्रिटींच्या बातम्यांसाठी सगळ्यात धारदार प्रकार म्हणजे मनातलं ओळखणं. 'लक्ष वेधून घेण्यासाठी म्हणाला', 'दुखावण्याचा हेतू नव्हता', ही दोन्ही वाक्यं बातमीदार स्वतःच्या तोंडाने लिहीत असेल तर तो मनकवडा झाला आहे. कुणाच्या तोंडी घातली असतील तर ठीक.

मराठी मथळ्यांना ही यादी लावून पाहिली की मजा येते. 'जीभ घसरली' म्हणजे अपघात. बोलणाऱ्याला अर्धी माफी मथळ्यातच. 'गरळ ओकली' म्हणजे शिक्षा ठोठावून झाली. 'मुक्ताफळं उधळली' म्हणजे हसून सोडून द्या. 'वादाच्या भोवऱ्यात सापडला' यात भोवरा आपोआप तयार झाला, आणि बिचारा त्यात सापडला. 'वादग्रस्त वक्तव्य' हा सगळ्यांत सोयीचा शब्द, कारण त्यात काय बोलला ते सांगावंच लागत नाही. इंग्रजीत याच जागी 'वांशिक छटा असलेलं' अशा अर्थाचे गुळमुळीत शब्द वापरायची पद्धत होती. २०१९ च्या मार्चमध्ये असोसिएटेड प्रेसने आपल्या शैलीपुस्तकात स्पष्ट केलं की वंशद्वेष हा शब्द खरोखर लागू पडत असेल तर तोच वापरा, त्याच्यावर पांघरूण घालणारे शब्द नकोत. म्हणून २०१९ च्या आधीची आणि नंतरची बातमी शेजारी ठेवून 'माध्यमं आता जास्त कडक झाली' असा निष्कर्ष काढताना जपून. काही ठिकाणी फक्त नियमपुस्तक बदललेलं असतं.

'नेटकरी संतापले' ही ओळ दिसली की खाली किती प्रतिक्रिया दिल्यात त्या मोजा. बहुतेकदा दोन किंवा तीन. अवतरणचिन्हांत एक-दोनच शब्द असतील तर पूर्ण वाक्य शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ध चा मा व्हायला तेवढी जागा पुरते. आणि 'माफी मागितली' असं लिहिलेलं असेल तर निवेदन वाचा. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' या पद्धतीचं वाक्य असेल तर माफी कृत्याची नाही, दुसऱ्याच्या भावनांची आहे. हा फरक मथळ्यात ठेवणारं माध्यम दिसलं तर त्याचं नाव लिहून ठेवा, तक्त्यातल्या ठिपक्यापेक्षा ती नोंद जास्त टिकते.

वेबॅक मशीन, टप्प्याटप्प्याने

मथळे बदलतात. सकाळचा 'विनोद' दुपारी 'वंशद्वेषी ट्वीट' होतो, किंवा उलट, वकिलांचा फोन आल्यावर धार बोथट होते. हा बदल पकडायचा तर इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन लागतं. बातमीचा पत्ता घ्या आणि त्यातलं प्रश्नचिन्ह व त्यापुढचं सगळं काढून टाका. ते शेपूट बहुधा माग काढण्यासाठी लावलेलं असतं, आणि ते राहिलं तर 'नोंद नाही' असं उत्तर येऊ शकतं. पत्ता टाकल्यावर दिनदर्शिका उघडते. निळं वर्तुळ म्हणजे पान नीट जतन झालेलं. हिरवं म्हणजे तिथून दुसरीकडे वळवलेलं. नारिंगी आणि लाल म्हणजे त्रुटी. पहिल्या दिवसाची पहिली आणि शेवटची निळी नोंद घ्या. मग 'चेंजेस' या भागात जाऊन दोन्ही निवडल्या की काय काढलं आणि काय घातलं ते दोन वेगळ्या रंगांत शेजारी-शेजारी दिसतं.

वेळ वाचताना हमखास चूक होते. जतन केलेल्या पानाच्या पत्त्यात १४ आकडी क्रमांक असतो: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. बातमीवर छापलेली वेळ स्थानिक असते. तास न जुळवता 'माफीनंतरही मथळा बदलला नाही' असा आरोप करणारे बरेच भेटतात.

नोंदच नसेल तर दुसरी युक्ती: पत्ता वाचा. बऱ्याच संकेतस्थळांवर पत्त्यातले शब्द पहिल्या मथळ्यावरून बनतात आणि मथळा बदलला तरी ते तसेच राहतात. वर एक आणि पत्त्यात दुसरंच दिसलं की बदल झाला असण्याची दाट शक्यता. मात्र सगळ्या फरकांत काळंबेरं शोधू नका. काही मोठी दैनिकं एकाच वेळी दोन मथळे वेगवेगळ्या वाचकांना दाखवून कुठला जास्त उघडला जातो ते पाहतात, आणि शोधयंत्रासाठीचा मथळा तर वेगळाच असतो.

बिघडतं कुठे तेही सांगायला हवं. बातमीत जडवलेलं ट्वीट किंवा चित्रफीत बऱ्याचदा जतन होत नाही, आणि नेमका पुरावा तोच असतो. बारने ट्वीट काढून टाकल्यावर उरले ते लोकांनी काढलेले स्क्रीनशॉट. म्हणून वाद पेटताक्षणी 'सेव्ह पेज नाऊ' वापरून मूळ पान स्वतःच जतन करा, आणि पान उघडून बघा की मजकूर खरंच आला आहे. छोटी संकेतस्थळं आर्काइव्हकडून क्वचितच टिपली जातात. तिथे तुम्ही केलेली नोंद ही एकमेव असू शकते.

टीव्ही न्यूज आर्काइव्ह हे ऑलसाइड्सला जे झेपत नाही ते करतं. २००९ पासूनच्या अमेरिकी दूरचित्रवाणी बातम्या तिथे पडद्यावर उमटणाऱ्या बोललेल्या शब्दांच्या मजकुराच्या (क्लोज्ड कॅप्शन) आधारे शोधता येतात आणि छोटा तुकडा थेट पाहता येतो. एखादं वाक्य कुठल्या वाहिनीने किती वेळा लावलं, आणि त्याच्या आधीचं वाक्य दाखवलं का, हे तिथे स्वतः बघायचं. थेट कार्यक्रमांचा हा मजकूर घाईत टंकलेला असतो, नावं हटकून चुकतात. म्हणून नावाऐवजी वाक्यातले दोन साधे शब्द टाकून शोधा.

कुणी काय घ्यावं

रोज पाच मिनिटं देणाऱ्याला ग्राउंड न्यूजची फुकट आवृत्ती पुरे. तिचं पैसे घेणारं सदस्यत्व मालकीची आणि विश्वासार्हतेची जादा माहिती देतं, पण या प्रकारच्या बातमीत त्याने काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. शाळा-महाविद्यालयात माध्यमं शिकवणाऱ्यांनी अ‍ॅड फॉन्टेसची गुण देण्याची चौकट घ्यावी, तक्ता नव्हे. त्याच चौकटीने विद्यार्थ्यांकडून एक बातमी तपासून घेतली तर तास सत्कारणी लागतो. मीडिया बायस फॅक्ट चेक कधीतरी अनोळखी संकेतस्थळ कुणाचं ते पाहण्यापुरतं.

एक गोष्ट चारही ठिकाणी नाही, आणि मराठी वाचकाला तीच सगळ्यात जास्त लागते. परदेशी सेलिब्रिटीचं बोलणं आपल्यापर्यंत येतं ते वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरातून, टेबलावर दहा मिनिटांत केलेल्या भाषांतरातून. ३१ जानेवारी २०२२ रोजी अभिनेत्री हूपी गोल्डबर्ग एबीसीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात म्हणाल्या की होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) हा वंशाबद्दल नव्हता, माणसाच्या माणसाशी वागण्यातल्या क्रौर्याबद्दल होता. त्या संध्याकाळी त्यांनी लेखी माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी वाहिनीने त्यांना दोन आठवड्यांसाठी बाजूला केलं. आता याचं मराठी करा. 'ज्यूंचा संहार वंशद्वेषातून झालाच नाही' असं लिहिलं तर त्या इतिहास नाकारताहेत. 'तो गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न नव्हता' असं लिहिलं तर त्या अमेरिकी चष्म्यातून चुकीचं बोलल्या. 'होलोकॉस्टबद्दल वादग्रस्त वक्तव्य' असं लिहिलं तर काहीच कळत नाही. तिन्ही मराठी मथळे एकाच इंग्रजी वाक्याचे. कुठल्याही रंगीत पट्टीवर त्यांचा खण एकच असेल.